माझ्या डोक्यावर बेतलेली टोपी

आईनं माझ्या डोक्याचं माप घेतलं ते दुसऱ्याची टोपी शिवायची होती म्हणून. मी सतरा वर्षांची होते, बारावीत. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर, वेणी सोडून बसले होते. आईनं टेप कपाळावरून कानांच्या वर नेऊन मागे घट्ट ओढला आणि म्हणाली, "बावीस इंच. बघ, अगदी त्याच्याएवढंच. आता तो घरी नसला तरी माझं काम अडायचं नाही."

तो म्हणजे आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. बुऱ्हाणपूरचा, मराठी घरातला, बावीस-तेवीसचा. नावाला एम. कॉम. करत होता, खरं म्हणजे एका ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचा. त्या वर्षी आमच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती, टावर चौकात रेडिमेड कपड्यांची चकचकीत दुकानं उघडत होती, आणि लग्नात बँडऐवजी ऑर्केस्ट्रा बोलवायची टूम निघाली होती. त्यामुळे त्याला काम भरपूर असायचं. दुपारी मोकळा असला की तो खाली यायचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचा आणि आईशी गप्पा मारायचा. मला त्याला 'दादा' म्हणायची ताकीद होती. मी हाकच मारायचे नाही. समोर जाऊन उभी राहायचे आणि काय ते बोलून परत यायचे.

कुणाला वाटेल, मला तो आवडत असणार. तसं काही नव्हतं. मला राग यायचा तो आईमुळे. आमची आई बेताची बोलणारी. आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची, आणि तोंडात टाचण्या धरल्यामुळे तिचं बोलणं निम्मं हुंकारातच व्हायचं. शाळेत काय झालं, कॉलेजचा फॉर्म भरला का, जेवलीस का, एवढंच आमचं बोलणं. बाबा बँकेत होते, आगरच्या शाखेत. सकाळच्या बसनं जायचे आणि दिवेलागणीला दमून यायचे. त्यांच्याशीही ती फार बोलायची नाही. आणि हा मुलगा उंबऱ्यावर बसून विचारायचा, "काकू, तुम्ही लहानपणी गाणं शिकलात का हो? काकू, तुम्हाला भीती कशाची वाटायची? काकू, तुमच्या हातची ही आमटी बुऱ्हाणपूरला का होत नाही?" आणि आई हसायची. मान मागे टाकून, दात दिसतील अशी हसायची. आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचे.

टोपीचं प्रकरण सुरू झालं ते असं. टावर चौकातल्या एका कापडाच्या जुन्या दुकानदाराचा मुलगा मुंबईहून शिकून आला होता. त्याला शहराजवळच्या भैरवगढला ठशांनी छापतात त्या कापडाचे शर्ट-कुर्ते शिवून, स्वतःचं लेबल लावून विकायचे होते. त्यासाठी फोटो काढायचे, रंगीत, अगदी मासिकात असतात तसे. आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यानं वरच्या मुलाला मेंडोलिन वाजवताना पाहिलं आणि ठरवून टाकलं की मॉडेल वगैरे नको, खरा कलाकार पाहिजे. इंदूरचा फोटोग्राफर येऊन त्याला बघून गेला. चेहरा चांगला आहे म्हणाला, पण डोक्यावर हॅट पाहिजे. सगळा टावर चौक पालथा घातला तरी क्रिकेटच्या टोप्या आणि जादूगाराच्या काळ्या हॅटखेरीज काही मिळालं नाही.

हे सगळं तो उंबऱ्यावर बसून सांगत होता. आई मटार सोलत होती. वर न बघता म्हणाली, "मी देते करून."

मला हसू आलं. "तू? हॅट?"

"देते म्हटलं ना," आई म्हणाली आणि मटार सोलत राहिली. तो मात्र हसला नाही. त्यानं नुसती मान डोलावली, जणू त्याला हे अपेक्षितच होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दोन-तीन दिवसांनी मी क्लासहून आले तर घराला कुलूप. असं कधीच झालं नव्हतं. आई दुपारची घराबाहेर पडायची नाही. पडलीच तर शेजारी सांगून जायची. मी पायरीवर बसून राहिले. तासाभरानं कुणाची तरी मागून आणलेली मोपेड फटफटत आली. पुढे तो, मागे माझी आई. एक हात सीटच्या कडीला, दुसऱ्या हातात कापडाची गुंडाळी. पदर कमरेला खोचलेला, केस विस्कटलेले, आणि दोघं कशावर तरी हसत होते. बाबांच्या स्कूटरवर बसायचं म्हटलं की हीच आई म्हणायची, नको बाई, आपण ऑटोनं जाऊ.

"भैरवगढला गेलो होतो," आई म्हणाली. "कापड निवडायचं होतं. किल्ली शेजारी ठेवली होती की."

"मला कुणी सांगितलं नाही."

"विचारायचंस ना शेजारी." आणि तिनं तिथेच, पायरीवरच, कापड उलगडलं. गडद लाल रंगावर काळ्या बारीक बुट्ट्या. कापडाला अजून रंगाचा ओला वास होता. "छापणाऱ्यानं तीन दाखवली. मी म्हटलं, हीच बुट्टी. मोठी नक्षी टोपीवर तुटते."

"कसं काय माहीत तुला?" मी विचारलं. पण तोवर ती कुलूप उघडून आत गेली होती.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी टोपीचं डोकं झाले. दुपारी क्लासहून आले की आई हाक मारायची, "ये गं, बस जरा." मी वेणी सोडून स्टुलावर बसायचे. ती कापडाचे तुकडे माझ्या डोक्यावर ठेवायची, टाचण्या लावायची, काढायची, मशीनवर एक टीप मारायची, पुन्हा ठेवायची. वरचा गोल तुकडा, त्याभोवती उभी पट्टी, मग किनार. किनार ताठ राहावी म्हणून तिनं दोन कापडांच्या मध्ये बकरम घातलं, कॉलरला घालतात तेच, आणि त्यावर गोल गोल टिपा मारल्या, एकाला एक लागून. मग उलट्या पातेल्यावर ओला रुमाल घालून इस्त्री. पातेलं गोल, डोकं लांबट. म्हणून इस्त्री झाली की टोपी गरम गरम माझ्या डोक्यावर यायची. आई दोन्ही तळव्यांनी ती चारी बाजूंनी दाबायची. "हलू नको. थंड होईपर्यंत बस."

सातवीपासून मी माझी वेणी स्वतः घालत होते. तेव्हापासून आईचा हात माझ्या डोक्याला असा लागला नव्हता. आता रोज लागत होता. कपाळावर तिची बोटं, कानामागे तिची बोटं. ती वाकली की तिच्या गळ्यातली पोत माझ्या नाकाला लागायची. मला ते इतकं आवडायचं की टोपी लवकर होऊ नये असं वाटायचं. आणि त्याच वेळी वाटायचं, ही माझ्या डोक्याला हात लावते आहे, पण हिच्या मनात डोकं दुसऱ्याचंच आहे. "त्याचं कपाळ जरा रुंद आहे," ती पुटपुटायची. "इथं दोन दोरे सैल सोडू."

बाबा संध्याकाळी येऊन बघायचे आणि रोज तोच विनोद करायचे. "काय, आज कुणाला टोपी घातली?" आई हसायची नाही. मीही नाही.

फोटो काढायचे होते कालियादेह महालात. शहराबाहेर, भैरवगढच्या पलीकडे, नदीचं पाणी कुंडांमधून खेळवलेला तो जुना महाल. दुकानदाराच्या मुलानं जीप पाठवली. टोपीत काही कमीजास्त करावं लागलं तर म्हणून आई निघाली, सुईदोरा आणि कात्री पिशवीत टाकून. रविवार होता, म्हणून मीही गेले. मला जायचं नव्हतं. पण मला घरी राहायचंही नव्हतं.

तिथे पोचलो तर सगळे होते आणि तोच नव्हता. आदल्या दिवशी ऑर्केस्ट्रा देवासला गेला होता, तिथून तो थेट येणार होता. फोटोग्राफर घड्याळ बघत होता, आकाश बघत होता, आणि दर थोड्या वेळानं त्याचं कपाळ आक्रसत होतं. शेवटी त्याची नजर माझ्यावर पडली.

"बेटा, ज़रा वहाँ खड़ी हो जाओ। लाइट देखनी है।"

मी कुंडाच्या काठावर जाऊन उभी राहिले. त्याच्या मदतनिसानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. घरात आरशात मी ती कधी पाहिली नव्हती. आई मला स्टुलावर बसवूनच माप घ्यायची आणि काढून ठेवायची. इथे पाण्यात वाकून बघितलं तर लाल टोपीखाली एक मुलगी दिसली. हनुवटी जरा वर, एका डोळ्यावर सावली. ती मी नव्हतेच. मला एकदम वाटलं, तो आलाच नाही तर? बस कुठेतरी बंद पडली तर? हे म्हणतील, चला, हिचेच काढू. आई बघेल.

फोटोग्राफरकडे एक कॅमेरा होता, ज्यातून फोटो लगेच बाहेर यायचा. त्यातून त्यानं माझा एक काढला, हलवून हलवून वाळवला आणि आईला दाखवायला नेला. मी जागेवरून न हलता आईच्या तोंडाकडे बघत राहिले. आईनं फोटो उजेडात धरला, जवळ घेतला, लांब धरला.

"किनार उजवीकडे जास्त झुकलीय," ती म्हणाली. "दोन टाके घालावे लागतील."

मी तिथूनच विचारलं, "आणि मी?"

"अं? तू बरी उभी आहेस. पाठ सरळ ठेव."

तो फोटो मी मागितला. मदतनीस म्हणाला, ये तो फाइल में लगेगा. आणि त्यानं तो एका जाड पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये खोचून टाकला. आईनं माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली आणि दगडी कट्ट्यावर बसून टाके घालायला लागली.

ते टाके पुरे होतायत तोच तो आला. मेंडोलिन पाठीला, शर्ट चुरगळलेला. सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत त्यानं कुंडात तोंड धुतलं, त्यांचा छापाचा कुर्ता अंगात घातला आणि आईसमोर येऊन मान खाली केली. आईनं उभं राहून त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. मागून दाबली, पुढून एक बोट वर केली, मग दोन पावलं मागे सरून बघितलं. माझ्याकडे तिनं आयुष्यात कधी तसं बघितलं नव्हतं असं मला वाटलं.

आणि टोपी त्याला शोभली. ते नाकारण्यात अर्थ नाही. तो कट्ट्यावर एक पाय वर घेऊन बसला, मेंडोलिन मांडीवर घेतलं आणि खरोखरच वाजवू लागला. कुंडात पाणी उतरत होतं, लाल टोपीची सावली त्याच्या नाकापर्यंत येत होती, आणि तो वाजवताना जसा स्वतःत हरवायचा तसा हरवला. फक्त कॅमेऱ्याचा आवाज.

मध्ये रीळ बदलायला थांबले तेव्हा फोटोग्राफरनं टोपी हातात घेऊन फिरवून बघितली. "ये सच में इन्होंने बनाई? यहाँ की तो लगती नहीं।"

"काकूंनीच," तो म्हणाला. मग हिंदीत, मोठ्या कौतुकानं, "काकी बचपन में महू में रहती थीं। पड़ोस में एक मैडम थीं, फौजी अफसरों की बीवियों के लिए टोपियाँ बनाती थीं। काकी ने चार साल उन्हीं से सीखा है। पूछो इनसे, फूल भी बना लेती हैं, कपड़े के।"

सगळे आईकडे बघू लागले. आई लाजली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अरे, वो तो बहुत पुरानी बात है।"

मी तिथे उभी होते. महू? इंदूरपलीकडची ती लष्करी छावणी? आईचं माहेर इंदूरचं, एवढंच मला माहीत होतं. ती लहानपणी महूला राहिली, कुणा मॅडमच्या घरी चार वर्षं टोप्या शिवायला शिकली, कापडाची फुलं करायला शिकली, हे मला त्या दिवशी त्या कुंडाच्या काठावर, जीपच्या ड्रायव्हरबरोबर एकाच वेळी कळलं. त्याला ते कधीचंच माहीत होतं. उंबऱ्यावर बसून त्यानं ते सगळं माझ्या आधी ऐकलं होतं.

घरी आल्यावर आई पाय धुऊन चहा ठेवायला गेली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. उंबऱ्यावर बसले मात्र नाही.

"तू महूला होतीस, हे मला का नाही सांगितलंस?"

आईनं चहात साखर घातली. "त्यात सांगायचं काय?"

"त्याला सांगितलंस की."

"त्यानं विचारलं."

"मी विचारायला पाहिजे होतं?"

"तू कधी विचारलंच नाहीस ना गं." ती रागावली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं ती सहज म्हणाली. मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. आईला जाऊन कोण विचारतं, तू आधी कोण होतीस म्हणून? मला वाटायचं, आईचं जे काही असतं ते आपोआप आपलंच असतं.

फोटो छापून आले. एका रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत अर्ध्या पानाची जाहिरात, आणि टावर चौकात दुकानावर भला मोठा रंगीत बोर्ड. आई, बाबा आणि मी बघायला गेलो. बाबा म्हणाले, "वा, टिपासुद्धा दिसतायत." आई बराच वेळ मान वर करून उभी राहिली. हातगाडीवाला ओरडला, "ओ माताजी, साइड में!" तरी ती हलली नाही. माझ्या वर्गातल्या मुली मला विचारायच्या, तो तुमच्याच घरात राहतो ना गं? मी म्हणायचे, वर राहतो. टोपी कुणी केली, हे एकीनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

एक दिवस न राहवून मी आईला म्हटलं, "मलाही एक कर ना तसली."

आईनं माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "तुला? घालून जाणार कुठं?"

"कुठंही."

"कॉलेजात हसतील बाई. बरं, बघू. ते कापड संपलंय." मी भैरवगढहून दुसरं आणायला तयार होते, सायकलनं जाऊन आले असते. पण मी ते बोलले नाही. एकदा मागितलं होतं, दुसऱ्यांदा मागायला माझी जीभ वळली नाही. दुकानदाराच्या मुलानं मात्र आईकडून आणखी काही टोप्या करून घेतल्या. त्यांची मापं दुकानातून आली. मला स्टुलावर बसावं लागलं नाही.

उन्हाळ्यात तो गेला. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात जागा मिळाली होती. निघताना आईच्या पाया पडला. टोपी डोक्यावर होती, वाकताना ती हातात घेतली, पुन्हा घातली. आईनं किनार सारखी केली आणि म्हणाली, "पावसात घालू नको, बकरम मऊ पडेल." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "चल गं, काकूंकडे लक्ष दे." मला इतका संताप आला! माझ्या आईकडे लक्ष द्यायला मला हा सांगणार? मी "हो" म्हटलं आणि आत गेले.

आई पुढे कितीतरी दिवस दुपारी गप्प गप्प असायची. उंबरा रिकामा होता. मला वाटलं होतं, तो गेला की सगळं मला मिळेल. काही मिळालं नाही.

बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर मी तिला म्हटलं, "चल, महूला जाऊन येऊ." बाबा म्हणाले, "तिथं काय आहे?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ती चांगली साडी नेसून तयार होती.

उज्जैनहून इंदूर, इंदूरहून महू. बसमधून उतरल्यावर आई भरभर चालायला लागली; मला तिच्यामागे धावावं लागत होतं. एका रुंद रस्त्यावर, मोठाल्या झाडांखाली, ती एका जागी थांबली. तिथे आता दोन गाळे होते. एक एसटीडीचा, एक सायकल दुरुस्तीचा. "इथं पायऱ्या होत्या," आई म्हणाली. "आणि खिडकीत लाकडी डोकी मांडलेली असायची. मी ती फडक्यानं पुसायचे." सायकलवाल्याला विचारलं, त्याला काही ठाऊक नव्हतं. मग आम्ही समोर बसून समोसा खाल्ला.

"तो म्हणाला होता," आई मध्येच म्हणाली, "काकू, एकदा तुम्हाला महूला घेऊन जाईन."

मी हातातला समोसा खाली ठेवला. "मी आणलं ना पण."

"हो," आई म्हणाली. "तूच आणलंस." आणि माझ्या ओठाला लागलेली चटणी तिनं बोटानं पुसली.

मी वाट बघत होते. आता सांगेल, मला वाटलं. मॅडम कशा होत्या, काय शिकवायच्या, का सोडलं. मी विचारलंही. ती म्हणाली, "होत्या चांगल्या," आणि बसची वेळ झाली का ते बघू लागली.

परतीच्या थेट उज्जैनच्या बसमध्ये खिडकीशी मी, मध्ये आई, आणि आईच्या पलीकडे एक अनोळखी बाई, मांडीवर पेरूंची पिशवी घेतलेली. बस सुटली आणि त्या बाईनं सहज विचारलं, "कहाँ गई थीं, दीदी?" आणि आईनं सांगायला सुरुवात केली. मॅडम उंच होत्या, त्यांच्या घरात मांजरं होती. सुरुवातीला आईला फक्त सुईत दोरा ओवायचं काम होतं. पहिली टोपी तिनं पिवळी केली, ती एवढी बिघडली की मॅडमनी ती स्वतःच्या कुंडीवर घातली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, ही माझ्या मुलीनं केलीय. मग आजोबांना कुणीतरी काहीबाही सांगितलं आणि एका दिवसात तिचं जाणं बंद झालं. मॅडम घरी आल्या होत्या. आजोबांनी दार उघडलं नाही. आई दाराच्या आतून ऐकत होती.

ती बाई "हाय राम" म्हणाली आणि तिनं आईच्या हातात एक पेरू ठेवला. मला त्या बाईचा हेवा वाटला. इतका, की तिला उठवून तिच्या जागी जाऊन बसावं असं मनात आलं. पण मी हलले नाही, खोकलेसुद्धा नाही. खिडकीकडे तोंड करून, झोपल्यासारखी बसून, मी उज्जैनपर्यंत सगळं ऐकून घेतलं.